मावशींचा पॉज

१

जेवणाची सुट्टी संपली आणि मावशी सापडेनात.

सुरुवातीला कुणी ते मनावर घेतलं नाही. मावशी म्हणजे हरवणाऱ्यांतल्या नव्हेतच. चाळीसेक वर्षं त्या कॅमेऱ्यासमोर उभ्या होत्या आणि त्यांच्यामुळे एकही शॉट खोळंबला नव्हता, असं सगळे म्हणत आणि ते खरंही होतं. नट्या रुसून गाडीत जाऊन बसत, नायक फोनवर बोलत गच्चीवर निघून जात. मावशी मात्र हाकेच्या आधी सेटवर हजर. म्हणून सहायकाने मेकअपरूमचं दार दोनदा वाजवलं, तिसऱ्यांदा ढकललं, आणि धावत येऊन सांगितलं, "मावशी नाहीत आत," तेव्हा दिग्दर्शक हसलाच. "नीट बघ. कोपऱ्यात शाल दिसली तर त्यातच असतील."

कोपऱ्यात शाल नव्हती. मावशीही नव्हत्या.

ताई आत गेली. ताईचं काम कंटिन्युइटी सांभाळण्याचं. आधीच्या शॉटमध्ये नायिकेचा पदर कुठल्या खांद्यावर होता, कप कुठल्या हातात होता, खिडकी किती उघडी होती, हे सगळं डोळ्यांत धरून ठेवायचं आणि पुढच्या शॉटला ते तसंच आहे की नाही ते बघायचं. तिच्या पाठीमागे लोक तिला घार म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

खोलीत तिने नजर फिरवली. मावशींचे बाहेरचे कपडे खुंटीला. पर्स टेबलावर, फोन पर्सवर. बाहेरच्या चपला दाराशी नीट जोडीने. आंबाड्याचा पांढरा टोप त्याच्या लाकडी स्टँडवर. सध्याच्या मालिकेतल्या आजीचे कपडे, सपाता आणि शाल, एवढंच अंगावर असणार. ताट झाकलेलं. ताईने झाकण उचललं तर घासही मोडलेला नव्हता.

आणि भिंतीपाशी घडी घालून ठेवलेली पाहुण्यांची खुर्ची आता खोलीच्या मधोमध आडवी पडली होती.

"सकाळी ही भिंतीला होती," ताई म्हणाली. "इथे कुणीतरी येऊन बसलं होतं. आणि उठताना रागाने उठलं."

दिग्दर्शकाचा चेहरा पडला. त्याने दार लोटलं आणि आवाज खाली आणला.

"ताई, एक सांगायचंय. आज सकाळी मीच त्यांना सांगितलं. पुढच्या महिन्यात त्यांचं पात्र मरणार आहे."

२

"मग काय म्हणाल्या?"

"काही नाही. हसल्या. म्हणाल्या, कितवं मरण रे हे माझं?" दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. "ताई, त्यांनी जिवाचं काही बरंवाईट तर..."

"उगाच काहीतरी बरळू नका," ताई म्हणाली. पण तीच आधी दाराकडे वळली.

मावशींना मरणाचं काय कौतुक! पहिल्याच चित्रपटात त्या नर्स होत्या, एका वाक्यापुरत्या. मग मैत्रीण, मग वहिनी, आणि वहिनीचं वय सरायच्या आत एका नायकाची आई. तो नायक त्यांच्याहून वयाने मोठा होता आणि सेटवर त्यांना "आई, आई" म्हणून चिडवायचा. त्यानंतर आत्या, शेजारीण, घरमालकीण, मुख्याध्यापिका, न्यायाधीश आणि कितीतरी आया. कुणाच्या मांडीवर मेल्या, कुणाला मांडीवर घेऊन रडल्या. रस्त्यात लोक थांबवत, "अहो, तुम्ही त्या ह्या ना?" म्हणून विचारत आणि नाव कुणालाच आठवत नसे. मावशी म्हणत, "हो, मी तीच ही." आणि पुढे जात.

फाटकावरच्या रखवालदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं. "आंबाड्यावाल्या मावशी बाहेर गेल्या नाहीत. मी जागचा हललो नाही. हां, त्यांची लेक आली होती. सुट्टी झाल्या झाल्या आली आणि लगेच गेली. डोळे लाल, तोंड सुजलेलं. मी सलाम केला तर बघितलंही नाही."

म्हणजे ती खुर्ची लेकीची. ताईने सहायकाला सांगितलं, लेकीला फोन लाव, इकडे बोलाव, कारण सांगू नकोस.

तोवर माणसं सगळीकडे पिटाळली होती. गोदाम, गच्ची, स्वच्छतागृहं, मागची गल्ली. स्टुडिओत शूटिंगच्या तीन मोठ्या शेड होत्या, त्यांना सगळे फ्लोअर म्हणत. शेजारच्या फ्लोअरच्या दारावर लाल दिवा होता, म्हणजे आत शॉट चालू. तिथल्या सहायकाने दार बोटभर उघडून सांगितलं होतं, "इथे आंबाड्यावाली कुणी बाई नाही. आणि हळू बोला." तिसऱ्या फ्लोअरला कुलूप होतं.

राहिली सून. म्हणजे मालिकेतली सून, जिचं आणि मावशींचं फाटलंय अशी कुजबूज गेले काही दिवस सेटवर होती. ती आरशासमोर बसून केस सोडवत होती.

"माझ्याकडे काय बघता सगळे? मी काय खाल्लं त्यांना?"

"भांडण कशावरून झालं?"

"भांडण नाही. मी फक्त सांगितलं." तिने फणी आपटली. "गेल्या आठवड्यातला सीन आठवतोय? मी बाहेरून येते, त्यांनी विचारायचं, 'सूनबाई, एवढा उशीर?' आणि मग माझं मोठं वाक्य. काय म्हणाल्या त्या? माझ्या गालावर हात फिरवला आणि म्हणाल्या, 'बाळ, शाळेतून कधी आलीस? काही खाल्लंस का?' माझ्या तोंडातलं वाक्यच पळालं. मी नुसती बघत राहिले. आणि हे काय म्हणाले?" तिने दिग्दर्शकाकडे बोट दाखवलं.

"मी ठेवला तो शॉट," दिग्दर्शक ओशाळून म्हणाला. "अहो, काय होता तो! सुनेत तिला स्वतःची मुलगी दिसते! लेखकाला सुचलं नसतं."

"आणि ते पॉज," सून म्हणाली. "माझं बोलून झालं की बोलायचंच नाही. नुसतं माझ्या तोंडाकडे बघत राहायचं. सगळे श्वास रोखून उभे. मी तिथे मूर्खासारखी. कट झालं की टाळ्या. म्हणून मी म्हटलं त्यांना, मावशी, मलाही पोट आहे, माझे सीन खाऊ नका." तिचा आवाज मध्येच बारीक झाला. "त्यावर त्यांनी माफी मागितली. माझी! हात जोडून. त्या दिवसापासून मला नीट झोप नाही, ताई. त्यांनी मला दोन थपडा मारल्या असत्या तर बरं झालं असतं."

ताईने तिच्या खांद्यावर हात ठेवला. ही पोर खोटं बोलत नव्हती.

पण ऐकताना तिच्या मनात काहीतरी अडकलं. परवाच्या सीनमध्ये मावशींनी कप डाव्या हातात धरला होता. आधीच्या शॉटमध्ये उजव्या. ताईने आठवण करून दिली तेव्हा मावशी "हो का ग?" म्हणाल्या होत्या. हो का ग! ज्या बाईला ताईच्याही आधी आठवायचं, जी नव्या नटांना म्हणायची, "हात विसरलास तर पोरा, वाक्य विसरलेलं परवडलं," ती बाई.

३

मेकअपकाका मागच्या पायरीवर बसले होते. मावशींचा चेहरा इतकी वर्षं त्यांनीच रंगवलेला. मावशी कुठल्याही निर्मात्याकडे गेल्या तरी एकच अट घालत, माझा रंगारी माझ्याबरोबर येईल.

"काका, सुट्टीत तुम्ही कुठे होतात?"

"टोप उतरवला, म्हटलं डोक्याला जरा वारा लागू दे. मग जेवायला गेलो."

"परत कधी आलात?"

"आलो तेव्हा खोली रिकामी." काकांनी हात पुसले. ते आधीच कोरडे होते.

"आणि लगेच कुणाला बोलला नाहीत?"

काका पुन्हा हात पुसू लागले.

ताई त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. "काका, एक विचारू? पूर्वी शॉट लागला की तुम्ही बाहेर जाऊन डुलकी काढायचात. तुम्हाला उठवायला माणूस पाठवावा लागायचा. हल्ली तुम्ही प्रत्येक शॉटला कॅमेऱ्याच्या अगदी बाजूला उभे असता. मावशींना दिसाल असे. आणि तुमचे ओठ हलतात."

"म्हातारपण. पुटपुटायची सवय लागलीय."

"मावशींची वाक्यं पुटपुटता?"

काकांनी मान फिरवली. गालांवरून घळाघळा पाणी यायला लागलं.

"तिने शपथ घातलीय," शेवटी एवढंच म्हणाले. "मला विचारू नका. तिला शोधा. लवकर शोधा, ताई, पाया पडतो. ती कुठेही जाऊ शकते."

कुठेही जाऊ शकते! शहाणीसुरती बाई, जिचा सगळा जन्म या तीन फ्लोअरवर गेला, ती कुठेही कशी जाईल? ताईला त्याचं उत्तर सुचलं आणि तिने ते मनातल्या मनात ढकलून दिलं. अजून पुरावा नव्हता, आणि तो मिळू नये असं तिला पहिल्यांदाच वाटत होतं.

४

आवाज टिपणाऱ्याला सेटवर कानसेन म्हणत. दिवसभर कानांवर हेडफोन, समोर बटणांची पेटी. ताई समोर येऊन उभी राहिली तेव्हा तो ती पेटी पुसत होता. तिच्यावर धूळ नव्हती.

"मावशींचा माइक कुठे आहे?"

नटांच्या कपड्यांत एक बारका माइक टोचलेला असतो आणि कमरेला काड्यापेटीएवढं यंत्र. सुट्टी झाली की कानसेन सगळ्यांचे माइक काढून घेई. फक्त मावशी काढू देत नसत. "पुन्हा पुन्हा काय टोचाटोची? राहू दे संध्याकाळपर्यंत."

"त्यांच्याच अंगावर," कानसेन म्हणाला.

"चालू?"

"चालू असणार."

"आणि हे तू आत्ता सांगतोस?"

त्याने मान खाली घातली. "ताई, आमच्या धंद्यात एक पाळतात. सुट्टी झाली की नटाचा आवाज बंद करायचा. माणूस आत काय बोलतो, कुणाशी बोलतो, ते आपलं नाही. ते जर ऐकायला लागलो ना, तर उद्या कुणी माझ्याकडून माइक लावून घेणार नाही."

"पण आज ऐकलंस."

"बटण खाली करायला उशीर झाला. मुद्दाम नाही ऐकलं."

"काय ऐकलंस?"

कानसेनने इकडेतिकडे बघितलं. दिग्दर्शक, सून आणि काका, सगळे येऊन उभे राहिले होते. "लेक आली होती. तिला काहीतरी सही हवी होती, घराच्या कागदांवर. मावशी मध्येच म्हणाल्या, 'बाबांचं ऑपरेशन कसं झालं ग? मी निघतेच आहे. पॅकअप झालं की निघते.' लेक ओरडली. म्हणाली, 'पुरे कर हे नाटक! निदान माझ्यासमोर तरी नको करूस!' मग काहीतरी पडलं. मग मी आवाज बंद केला."

बाबांचं ऑपरेशन. मावशींचे यजमान जाऊन किती काळ लोटला होता. सुनेचा तेव्हा जन्मही झाला नसेल.

"आत्ता आवाज वर कर," ताई म्हणाली.

कानसेनने बटण सरकवलं आणि लाऊडस्पीकर लावला. आधी नुसती खरखर. मग कपडे घासल्याचा आवाज. कुणाचा तरी संथ श्वास. मग जरा दुरून, पण स्पष्ट, एका पुरुषाचा खाकरण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ शब्द.

"ऑपरेशन झालंय. पुढचे काही तास महत्त्वाचे आहेत."

सुनेच्या तोंडून किंकाळी निघाली. "त्या हॉस्पिटलमध्ये आहेत!"

५

मग जी धावपळ उडाली ती काही विचारू नका. दिग्दर्शक एकामागून एक हॉस्पिटलांना फोन लावू लागला. गाड्या काढल्या गेल्या. रखवालदार शपथेवर सांगत होता की अँब्युलन्स आली नाही, आणि त्याचं कुणीही ऐकत नव्हतं. त्याच गोंधळात मावशींची लेक पोचली.

चाळिशी ओलांडलेली, ताठ मानेची, ओठ घट्ट मिटलेली बाई. आई सापडत नाही हे तिला कुणीतरी दारातच सांगून टाकलं.

"सापडेल," ती म्हणाली. "कुठेतरी बसून तालीम करत असेल. तिला नवीन भूमिका मिळाली असेल. वेडी म्हातारी वगैरे."

"तुम्हांला तसं का वाटतं?" ताईने विचारलं.

"कारण ती माझ्यावर करून बघते. गेले दोन-तीन महिने. फोनवर मला विचारते, शाळा सुटली का. परवा घरी आली तर माझ्या नवऱ्याला म्हणाली, आपण कोण? मी लहान होते तेव्हाही हेच करायची. आंधळी व्हायची, लंगडी व्हायची, मुकी व्हायची, आणि मी घाबरले की हसायची, म्हणायची, 'जमलं म्हणजे!' माझ्या घाबरण्यावरून ती भूमिका पारखायची." तिचा श्वास लागला. "आणि आज तिने बाबांचा विषय काढला. तेवढं तरी सोडायला हवं होतं."

"काय झालं होतं तेव्हा?"

लेकीने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. खूप वर्षं कोंडलेलं होतं, बाहेर यायला वेळ लागला नाही.

"मी शाळेतून परस्पर हॉस्पिटलला गेले. बाबांना आत नेलं होतं. मी बाहेर बाकावर एकटी. डॉक्टर बाहेर आले, विचारलं, मोठं कुणी नाही का बरोबर? नव्हतं. बाबा गेले ते मला एकटीला सांगितलं त्यांनी. ती आली पॅकअप झाल्यावर. तोंडाला रंग तसाच. आणि माहितीये, त्या दिवशी कसला सीन होता? ऑपरेशन थिएटरबाहेर वाट बघणारी आई. फार गाजला तो. लोक अजून मला येऊन सांगतात, काय बसली होती तुमची आई त्या बाकावर!"

कानसेनचा लाऊडस्पीकर खरखरत होता. आणि त्यातून पुन्हा तोच खाकरण्याचा आवाज आला.

"ऑपरेशन झालंय. पुढचे काही तास महत्त्वाचे आहेत."

लेक पांढरीफटक पडली. "हे काय आहे? कोण बोलतंय?"

ताईने हात वर केला. "थांबा. फोन ठेवा सगळ्यांनी. ऐका."

बराच वेळ नुसती कुजबूज. मग तोच खाकरा. तोच सूर, 'महत्त्वाचे'वर तोच जोर.

"कानसेन, हा माइक किती लांबून ऐकू येतो?"

"फार तर शेजारच्या फ्लोअरपर्यंत. त्यापलीकडे..." तो मध्येच थांबला. "अरे देवा."

"खरा डॉक्टर एकच वाक्य त्याच सुरात पुन्हा पुन्हा बोलत नाही," ताई म्हणाली. "आणि दर वेळी खाकरतही नाही. हे रीटेक आहेत. शेजारच्या फ्लोअरवर हॉस्पिटलचा सेट लागलाय. मावशी तिथे आहेत. सुट्टीपासून तिथेच आहेत."

"पण तिथे विचारलं होतं," सहायक म्हणाला. "नाही म्हणाले."

"तू काय विचारलंस? आंबाड्यावाली बाई आहे का! आंबाडा इथे स्टँडवर आहे. टोपाखालचे मावशींचे खरे केस किती उरलेत, ते एकट्या काकांना माहीत. रखवालदार आंबाडा शोधतोय, तूही आंबाडा शोधतोयस. आणि हॉस्पिटलच्या सेटवर शाल पांघरून बाकावर बसलेली म्हातारी दिसली तर कोण विचारणार तिला, बाई, तुम्ही कोण? तिथे तर असल्या बाया आणून बसवतात. आपण सगळे तेच करतो. कपडे सेटला शोभत असले की माणूस आपल्या नजरेतून जातो."

"पण ती तिथे का गेली?" दिग्दर्शकाने विचारलं.

ताईला हे बोलायचं नव्हतं. पण आता ते टाळण्यात अर्थ नव्हता.

"तुम्हीच म्हणालात, असं लेखकालाही सुचलं नसतं. ते पॉज. ते पॉज नव्हते. त्यांना पुढचं वाक्य आठवत नव्हतं. समोर कोण उभं आहे तेही आठवत नव्हतं. 'बाळ, शाळेतून कधी आलीस', हे त्यांनी रचलं नव्हतं. त्यांना तिथे खरंच त्यांची शाळकरी मुलगी दिसत होती. कप या हातातून त्या हातात गेला तेव्हा मला कळायला हवं होतं. काकांना कळलं. म्हणून ते कॅमेऱ्याशेजारी उभे राहून ओठांनी वाक्यं पुरवत होते. बरोबर ना, काका?"

काका भिंतीला टेकून खाली बसले. "म्हणाली, सांगितलंस तर घरी बसवतील. आणि घरी बसून कुणाची वाट बघू मी? म्हणाली, सेटवर निदान कुणीतरी सांगतं, आता उठा, आता बसा, आता रडा. मी म्हटलं, बाई, लेकीला तरी सांगू. तर म्हणाली, तिला सांगू नकोस. तिचा माझ्यावर विश्वास नाही."

"ती बाई आमच्या डोळ्यांदेखत विझत होती," ताई म्हणाली, "आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो."

लेक पुढे झाली. तिने टेबलाची कड धरली.

"म्हणजे दुपारी," ती म्हणाली, "दुपारी ती मला खरंच विचारत होती?"

६

लाल दिवा विझेपर्यंत त्यांना दारात थांबावं लागलं. धंद्याची सवय अशी की एवढ्या प्रसंगातही दिवा चालू असताना दार ढकलायचं कुणाला सुचलं नाही.

आत लांबच लांब पांढरा व्हरांडा उभा केला होता. प्लायवूडच्या भिंती, त्यांवर हिरवा पट्टा, टोकाला बंद दरवाजा आणि वर 'शस्त्रक्रिया विभाग' अशी पाटी, दुसऱ्या टोकाला कुठेच न जाणारा खोटा जिना. डॉक्टर झालेला नट गळ्यातला स्टेथोस्कोप काढून पाणी पीत होता. भिंतीच्या कडेला बाकांवर आठ-दहा माणसं बसली होती, गर्दीच्या कामाला आणलेली. कुणी जांभया देत होतं, कुणी फोन बघत होतं. त्यांच्यात, अगदी टोकाला, विरळ पांढऱ्या केसांची एक लहानखुरी बाई शाल पांघरून ताठ बसली होती. तिची नजर त्या बंद दरवाजावर होती.

"त्या होय?" त्या फ्लोअरचा दिग्दर्शक म्हणाला. "सुट्टीनंतर आलो तर बसलेल्याच होत्या. मी म्हटलं, कुठल्या एजन्सीने पाठवली ही बाई? काय वाट बघते! मी कॅमेरा मुद्दाम तिच्यावर ठेवला दोनदा. तुमच्याकडच्या आहेत का?"

ताईने त्याला बाजूला घेतलं आणि दोन वाक्यांत सांगितलं. मग त्याने आपल्या माणसांना चहाची सुट्टी दिली, आणि दिवे मात्र चालू ठेवा म्हणाला. बाकांवरची माणसं एकेक करून उठली, निघून गेली. काका पुढे व्हायला लागले, तसं ताईने त्यांना धरलं.

लेक एकटी त्या खोट्या व्हरांड्यातून चालत गेली. बाकापाशी जाऊन उभी राहिली.

मावशींनी वर पाहिलं. ताई हे सगळं दुरून बघत होती. मावशींच्या चेहऱ्यावर ओळख येते का, हे तिने अगदी डोळे ताणून पाहिलं. आली नाही. सौजन्य आलं. परक्या माणसाशी वागायची रीत असते तेवढं.

"बसा ना," मावशी म्हणाल्या आणि सरकून जागा केली. "उभ्याने पाय दुखतील. इथे वेळ लागतो."

लेक बसली.

"तुमचं कोण आहे आत?"

लेकीने त्या प्लायवूडच्या दरवाजाकडे पाहिलं. "बाबा," ती म्हणाली.

"होतील बरे. डॉक्टर चांगला आहे. मघापासून दोनतीनदा बाहेर येऊन सांगून गेला बिचारा." मावशींनी शालीचा एक काठ उचलून तिच्या गुडघ्यांवर घातला. "गारवा आहे इथे. माझे हे आत आहेत. सकाळपासून शूटिंगवाले मागे लागलेत, या म्हणून. मोठा सीन आहे म्हणे. मी सांगितलं, नाही येणार. दुसरी बाई बघा. सीन काय, कुणीही करेल."

"तुम्ही गेला नाहीत?"

"कशी जाणार? पोर शाळेतून परस्पर इकडेच येणार आहे. ती येईल तेव्हा मी इथे नको का? एवढीशी आहे हो. इतकी माणसं, हा वास, आणि तिला विचारायला कुणी नाही. घाबरून जाईल." मावशींनी तिच्याकडे जवळून बघितलं. "तुम्ही रडू नका. बाबा बरे होतात. तुमच्याबरोबर कुणी मोठं नाही का आलं?"

लेकीने मान हलवली. हो की नाही, ते ताईला कळलं नाही.

"नसू दे. मी आहे," मावशी म्हणाल्या आणि तिचा हात दोन्ही हातांत घेतला. मग बराच वेळ तसाच चोळत बसल्या. दिवे जळत होते. पलीकडे कुणीतरी हळूच दार ओढून घेतलं.

"शाळा सुटली असेल एव्हाना," थोड्या वेळाने मावशी म्हणाल्या. "माझं एक काम कराल? तिकडे जिन्याकडे जरा लक्ष ठेवाल? माझी नजर इथून हलत नाही, आणि ती आलेली कळायला हवी. निळा फ्रॉक आहे. दोन वेण्या."

"ठेवते," लेक म्हणाली.

आणि ती जिन्याकडे बघत बसली.